मुरण्याची वाट पाहणारा माणूस

दारूची भट्टी उभारणे ही तशी फार अवघड गोष्ट नव्हे. आंबवलेला रस, त्याखाली विस्तव, वर तांब्याचे भांडे आणि वाफ थंड करण्याची सोय एवढ्या सामग्रीवर ती जगभर शतकानुशतके चालत आली आहे. गोव्यात काजूची फेणी गाळणारे भाणही त्याच कुळातले. अवघड असते ती व्हिस्कीची भट्टी. तिच्यातून आज निघालेला माल आज विकता येत नाही. तो लाकडी पिंपांत भरून वर्षानुवर्षे मुरत ठेवावा लागतो आणि या साऱ्या काळात मजुरी, कोळसा, धान्य, व्याज आणि सरकारी कर यांपैकी काहीही थांबत नाही. हा उपद्व्याप जपानमध्ये एका माणसाने आयुष्यात दोनदा केला. पहिल्यांदा दुसऱ्याच्या पैशाने आणि दुसऱ्यांदा स्वतःच्या जबाबदारीवर. मासाताका ताकेत्सुरु हे त्याचे नाव.

२००१ साली ब्रिटनमधील ‘व्हिस्की मॅगझिन’ने घेतलेल्या चाचणीत योइची येथील दहा वर्षे मुरलेली व्हिस्की सर्वांत सरस ठरली, तेव्हा पाश्चात्त्य रसिकांनी आश्चर्याने भुवया उंचावल्या. ती भट्टी उभारणाऱ्या ताकेत्सुरु यांच्या मृत्यूला तोवर बावीस वर्षे उलटून गेली होती.

ताकेत्सुरु यांचा जन्म २० जून १८९४ चा. हिरोशिमा प्रांतातील ताकेहारा हे त्यांचे गाव. मिठागरांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात त्यांच्या घराण्यात १७३३ पासून तांदळाची साके तयार होत असे. लहानपणी जिन्यावरून पडून त्यांच्या नाकाला मोठी जखम झाली आणि त्यानंतर इतरांना न जाणवणारे वास आपल्याला येऊ लागले, असे ते पुढे सांगत. वैद्यकशास्त्राला हे कितपत पटेल हा प्रश्नच आहे. पण ज्याला आयुष्यभर नाकाच्या आधारे निर्णय घ्यायचे होते, त्याला ही कथा प्रिय वाटावी हे स्वाभाविक होते. थोरल्या भावांना घरच्या धंद्यात रस नव्हता. त्यामुळे तिसऱ्या क्रमांकाच्या या मुलाने ओसाकाच्या उच्च तंत्रशाळेत मद्यनिर्मितीचे शिक्षण घेऊन घरी परतावे, अशी वडिलांची इच्छा होती. ती पुरी झाली नाही. साकेपेक्षा विलायती मद्याचे कुतूहल अधिक ठरले आणि १९१६ मध्ये ते ओसाकातील ‘सेत्सु शुझो’ या कंपनीत दाखल झाले.

त्या काळी जपानमध्ये व्हिस्की म्हणून जे विकले जाई, त्यात धान्याच्या मद्यार्कात साखर, मसाले, अर्क आणि रंग कालवलेला असे. सेत्सु शुझोही तेच करी. मात्र हा खेळ फार दिवस चालणार नाही, हे कंपनीचे प्रमुख किहेई आबे यांनी ओळखले होते. अस्सल व्हिस्की शिकायची तर तिच्या मायदेशी माणूस धाडणे भाग होते. आबे आणि ज्येष्ठ तंत्रज्ञ किइचिरो इवाई यांनी त्यासाठी या तरुणाची निवड केली. पहिले महायुद्ध अजून संपले नव्हते. जुलै १९१८ मध्ये ताकेत्सुरु कोबे बंदरातून निघाले, अमेरिकामार्गे अटलांटिक ओलांडून डिसेंबरमध्ये लिव्हरपूलला उतरले आणि तेथून ग्लासगोला पोहोचले.

ग्लासगोत रसायनशास्त्राचे वर्ग होते, ग्रंथालय होते, जे. ए. नेटलटन यांचा मद्यनिर्मितीवरील जाडजूड ग्रंथ होता. नव्हता तो प्रत्यक्ष भट्टीचा अनुभव. ताकेत्सुरु नेटलटन यांना गाठायला थेट एल्गिनला गेले. परंतु त्यांनी मागितलेले शुल्क या परदेशी विद्यार्थ्याला झेपणारे नव्हते. मग त्यांनी आसपासच्या भट्ट्यांचे दरवाजे ठोठावले. एप्रिल १९१९ मध्ये लाँगमॉर्न येथे त्यांना जेमतेम पाच दिवस काम पाहू दिले गेले. त्या उन्हाळ्यात बोनेस येथे सलग चालणाऱ्या कॉफी पद्धतीच्या उभ्या यंत्रावर धान्याचा मद्यार्क कसा गाळतात, हे त्यांनी पाहिले. (या नावाचा पेयाच्या कॉफीशी संबंध नाही, ते यंत्राच्या संशोधकाचे आडनाव आहे.) खरे शिक्षण झाले ते १९२० च्या पूर्वार्धात, कॅम्पबेलटाऊनच्या हेझलबर्न भट्टीत. तेथील व्यवस्थापक पीटर इनेस यांनी त्यांना काही महिने उमेदवारी करू दिली.

तेथे काय शिकायचे होते? जवाला मोड आणायचे, ते भट्टीवर वाळवून माल्ट करायचा, दळून गरम पाण्यात भिजवायचा, गोड पाणी निथळून यीस्टने आंबवायचे आणि मग तांब्याच्या मोठ्या भांड्यात दोनदा गाळायचे. कागदावर हे चार ओळींत मावते. परंतु भांड्याचा गळा किती उंच असावा, वाफ नेणारी नळी वर चढावी की खाली उतरावी, दुसऱ्यांदा गाळताना पहिली व शेवटची धार बाजूला सारून मधली कोठे धरावी, यांवर मालाची चव ठरते. वापरून झालेली भांडी आतून घासण्याचे काम कामगारांना नकोसे वाटे. ताकेत्सुरु यांनी ते आपणहून मागून घेतले. भांड्याच्या पोटात उतरल्याखेरीज त्याची आतली घडण कळणार नव्हती. जे जे दिसले ते त्यांनी आकृत्या, मापे आणि खर्चाच्या हिशेबांसह वह्यांत उतरवले. केवळ यंत्रेच नव्हेत, तर कामगारांचे तास आणि पगार यांचीही नोंद त्यांत आहे. यांत हेरगिरीचा भाग नव्हता. सारे व्यवस्थापकाच्या डोळ्यांदेखत चालले होते. पुढे १९२५ मध्ये हेझलबर्नची भट्टी बंद पडली आणि एकेकाळी व्हिस्कीची राजधानी म्हणवणाऱ्या कॅम्पबेलटाऊनमधील बहुतेक भट्ट्या काही वर्षांतच थंडावल्या. तिथली रीत एका जपानी उमेदवाराच्या वह्यांत मात्र सुखरूप राहिली.

स्कॉटलंडने त्यांना आणखी एक गोष्ट दिली. ग्लासगोजवळच्या कर्किंटिलॉक गावातील काउअन या डॉक्टरांच्या कुटुंबात ते धाकट्या मुलाला ज्युडो शिकवायला जाऊ लागले. वडील नुकतेच वारलेले, घरावर दुःखाची छाया. थोरली मुलगी जेसी रोबर्टा, म्हणजेच रीटा, आणि ताकेत्सुरु यांनी ८ जानेवारी १९२० रोजी ग्लासगोत नोंदणी पद्धतीने विवाह केला. दोन्हीकडच्या मंडळींना तो पसंत नव्हता. नव्या सुनेसह नोव्हेंबर १९२० मध्ये ताकेत्सुरु मायदेशी परतले.

वह्या इवाई यांच्या हाती पडल्या, पण भट्टी उभी राहिली नाही. महायुद्धानंतरच्या मंदीने सेत्सु शुझोचे कंबरडे मोडले होते. वर्षानुवर्षे परतावा न देणाऱ्या कामात भांडवल घालण्यास भागधारक राजी झाले नाहीत. जुन्याच नकली पद्धतीची दारू करत राहण्यापेक्षा ताकेत्सुरु यांनी १९२२ मध्ये नोकरी सोडली आणि ते ओसाकातील एका शाळेत रसायनशास्त्र शिकवू लागले. रीटा इंग्रजीच्या आणि पियानोच्या शिकवण्या घेत.

येथे शिंजिरो तोरिई यांचा प्रवेश होतो. ताकेत्सुरु यांच्या चरित्रांत तोरिई यांना बरेचदा नुसत्या व्यापाऱ्याच्या भूमिकेत उभे केले जाते. ते न्याय्य नाही. ‘अकादामा’ या गोड पोर्ट वाइनवर अमाप पैसा मिळवलेल्या या गृहस्थाने, कंपनीतील सर्वांचा विरोध असताना, तो पैसा व्हिस्कीच्या भट्टीत घालायचे ठरवले. अशी भट्टी देशात कोणीच चालवलेली नव्हती. पहिला माल हाती यायला अनेक वर्षे लागणार, हे तोरिई यांना ठाऊक होते. परदेशी तज्ज्ञासाठी राखून ठेवलेला वर्षाला ४,००० येनांचा पगार देऊन त्यांनी १९२३ मध्ये ताकेत्सुरु यांच्याशी दहा वर्षांचा करार केला.

पहिला खटका जागेवरून उडाला. ताकेत्सुरु यांना उत्तरेकडील होक्काइदो बेट हवे होते. स्कॉटलंडसारखी थंडी आणि पीट तेथे होते. (पीट म्हणजे दलदलीत साचलेल्या वनस्पतींचा कुजका थर; तो वाळवून जाळला की त्याचा धूर माल्टला विशिष्ट वास देतो.) तोरिई यांचे म्हणणे असे की, बाजारपेठेपासून इतक्या दूर माल नेण्या-आणण्याचा खर्च परवडणार नाही आणि लोकांना भट्टी डोळ्यांनी पाहता आली पाहिजे. अखेर क्योतो आणि ओसाका यांच्या मधले यामाझाकी निश्चित झाले. तीन नद्यांच्या संगमाजवळच्या या जागी धुके दाटे आणि तेथील पाणी चहासाठी पूर्वापार नावाजलेले होते. तडजोड म्हणावी, तर ती वाईट नव्हती.

तांब्याची भांडी ओसाकातील वातानाबे यांच्या कारखान्यात घडली. पुण्याच्या तांबट आळीत हंड्या-घंगाळांवर ठोके पडतात तसेच हे हातोडीचे काम. फरक एवढाच की, हा हंडा दोन पुरुष उंचीहूनही मोठा आणि पूर्वी कोणी कधी न केलेला. तांबटांसमोर नमुना म्हणून होत्या त्या फक्त वहीतल्या आकृत्या. तयार भांडी योदो नदीतून बोटीने वर आणली गेली आणि आगगाड्यांची वर्दळ थांबल्यावर रात्री ओंडक्यांवरून घरंगळवत रूळ ओलांडून आत नेण्यात आली. नोव्हेंबर १९२४ मध्ये भट्टी पूर्ण झाली. कारखान्याच्या प्रमुखाच्या हाताखाली कायमचा माणूस कोण? तर एकच कारकून. हंगामात ताकेत्सुरु आपल्या हिरोशिमाकडून साकेचे कसबी कारागीर आणवत. आंबवण्याची जाण असलेली माणसे त्यांना दुसरीकडे मिळणार नव्हती.

एक अडचण यंत्रांपेक्षाही बिकट होती. जपानमध्ये मद्यावरील कर तयार झालेल्या मालाच्या मापावर आकारला जाई. साके लवकर विकली जात असल्याने तिला ते चाले. व्हिस्की मात्र पिंपात असताना दरवर्षी थोडी थोडी उडून जाते. म्हणजे हवेत विरलेल्या दारूवरही कर भरायचा आणि तोही हाती दमडी येण्याआधी! माल कोठारातून बाहेर पडेल तेव्हाच कर आकारावा, हे ताकेत्सुरु यांनी अधिकाऱ्यांना खटपट करून पटवले. जपानी व्हिस्कीच्या इतिहासात या रुक्ष कामगिरीचे मोल तांब्याच्या भांड्यांपेक्षा कमी नाही.

गाड्या भरभरून जव आत जातात आणि बाहेर काहीच येत नाही, हे पाहून आसपासच्या गावकऱ्यांनी आत जव खाणारा उसुके नावाचा राक्षस असल्याची वदंता उठवली होती. तोरिई यांची अवस्था फारशी वेगळी नव्हती. पैसा जात होता आणि येत नव्हता. निदान पाच वर्षे माल मुरावा, असा ताकेत्सुरु यांचा आग्रह. परंतु तिजोरी तितके थांबू शकली नाही. एप्रिल १९२९ मध्ये पांढऱ्या लेबलची ‘सनटोरी शिरोफुदा’ बाजारात आली. किंमत साडेचार येन, म्हणजे आयात स्कॉचच्या आसपासची. ती सपशेल पडली. पीटच्या धुराचा वास जपानी गिऱ्हाइकांना करपल्यासारखा लागला.

या अपयशाचा अर्थ दोघांनी दोन तऱ्हांनी लावला. जपानी जिभेला रुचेल अशी सौम्य व्हिस्की हवी, असे तोरिई यांना वाटले. ताकेत्सुरु यांच्या मते पद्धत बरोबर होती. चवीची सवय लागायला आणि माल मुरायला वेळ हवा होता. दरम्यान, त्यांच्यावर योकोहामातील बिअरच्या कारखान्याची जबाबदारी सोपवण्यात आली आणि पुढे तो कारखाना विकला गेल्याचे त्यांना अचानक समजले. करार संपल्यावर मार्च १९३४ मध्ये ते तोरिई यांच्यापासून वेगळे झाले. त्या वेळी ते चाळिशीला टेकले होते.

आता कोणतीही तडजोड नव्हती. होक्काइदोतील योइची येथे समुद्राची हवा, नदीचे पाणी, जवळपास पीट, कोळसा आणि जव असे सारेच होते. नव्हते ते भांडवल. ते उभे राहण्यात रीटा यांचा वाटा होता. धनिक शोतारो कागा यांच्या पत्नी त्यांच्याकडे इंग्रजी शिकत. जागामालक शिबाकावा यांचाही या जोडप्यावर लोभ होता. या ओळखींतून मिळालेल्या एक लाख येनांवर जुलै १९३४ मध्ये कंपनी स्थापन झाली. मात्र तिच्या नावात व्हिस्कीचा उल्लेखही नव्हता. ‘दाइ निप्पोन काजू’ म्हणजे ‘महान जपानी फळरस’!

यात चलाखी नव्हती, हिशेब होता. व्हिस्की मुरेपर्यंत जगायचे कशावर, हा प्रश्न यामाझाकीत तोरिई यांच्या गोड वाइनने सोडवला होता. योइचीत तो सफरचंदांनी सोडवायचा होता. अलीकडे जगभर निघालेल्या छोट्या भट्ट्या पिंपे मुरेपर्यंत जिन विकून तग धरतात, त्यामागेही हाच विचार असतो. पण ताकेत्सुरु यांनी रसाच्या बाबतीतही तोच हट्ट धरला. त्यांनी शेतकऱ्यांकडून पडीक, डागाळलेली सफरचंदेही विकत घेतली, मात्र रसात पाणी वा अन्य काही मिसळू दिले नाही. परिणामी इतरांचे फळयुक्त पेय सहा सेनना मिळत असताना यांची बाटली तीस सेनना पडे. शुद्ध रस दूरच्या प्रवासात गढूळ होई, लेबलांना बुरशी येई आणि खोकीच्या खोकी परत येत. या ठिकाणी ताकेत्सुरु यांची तत्त्वनिष्ठा आणि व्यवहारशून्यता यांच्यातील सीमारेषा फारच पुसट होते. गुंतवणूकदारांची सहनशीलता थोर म्हणायची. परत आलेला रस मात्र वाया गेला नाही. आंबवून, गाळून त्याची ब्रँडी झाली.

१९३६ मध्ये व्हिस्कीचा परवाना मिळाला आणि तांब्याचे भांडे बसले. एकच! पहिले आणि दुसरे गाळणे वेगवेगळ्या भांड्यांत व्हावे, ही रीत. पण दुसऱ्या भांड्याला पैसे नव्हते. म्हणून एकाच भांड्यात आधी आंबवण गाळायची, मग भांडे स्वच्छ करून त्यातच पुन्हा मद्य गाळायचे, असा क्रम त्यांनी चालवला. त्याखाली थेट कोळशाचा जाळ असे. भांड्याच्या गळ्याभोवती साकेच्या कारखान्यात बांधतात तशी पवित्र दोरी बांधलेली होती. घराण्याचा धंदा सोडून गेलेल्या मुलाने एवढी एक खूण जपली होती.

ऑक्टोबर १९४० मध्ये पहिली व्हिस्की विक्रीला आली. ‘निप्पोन’मधला ‘नि’ आणि ‘काजू’मधला ‘का’ घेऊन तिचे नाव ‘निक्का’ ठेवण्यात आले. लगोलग युद्ध पेटले. आयात थांबली, कारखाना नौदलाच्या यादीत गेला आणि तयार होणारा माल तिकडे जाऊ लागला. जवाचा पुरवठाही त्यामुळेच चालू राहिला. युद्धाने भट्टी तारली, हे सत्य गोड नाही. त्याच युद्धात भट्टीशेजारच्या घरात रीटा यांच्यावर पाळत होती. रेडिओच्या तारेवरून त्या हेर असल्याचा संशय घेतला गेला, घराची झडती झाली. त्या जपानी नागरिक होत्या, जपानी बोलत, लोणची घालत. पण चेहरा बदलता येत नव्हता.

युद्धानंतर बाजारात तिसऱ्या दर्जाच्या व्हिस्कीचा सुळसुळाट झाला. कायद्याने तीत अस्सल माल्ट व्हिस्की पाच टक्क्यांहून कमी, प्रसंगी शून्य असली तरी चाले. ज्या नकली दारूपासून ताकेत्सुरु यांनी १९२२ मध्ये पाठ फिरवली होती, तीच आता राजमान्य झाली होती. त्यांनी बराच काळ दाद दिली नाही. परंतु कर थकला, भागधारक अस्वस्थ झाले आणि कामगारांचे पगार समोर उभे राहिले. १९५० मध्ये ते नमले. नमतानाही त्यांनी कायद्याने चालेल तितके, अगदी पाच टक्क्यांच्या उंबरठ्यापर्यंत माल्ट घातले आणि कृत्रिम रंग वर्ज्य केला. १९५४ मध्ये मोठा हिस्सा आसाही या बिअर कंपनीकडे गेला. त्यानंतर पैशाची विवंचना सरली. भट्टी मात्र पूर्वीसारखी त्यांची एकट्याची राहिली नाही.

जानेवारी १९६१ मध्ये रीटा वयाच्या चौसष्टाव्या वर्षी वारल्या. ताकेत्सुरु खोलीत कोंडून घेऊन बसले. अंत्यविधीलाही त्यांना धीर झाला नाही, असे सांगतात. नंतर दत्तक पुत्र ताकेशी यांच्यासह त्यांनी एका नव्या मिश्रणावर काम केले. १९६२ मध्ये ते ‘सुपर निक्का’ या नावाने बाजारात आले. पुढे बोनेसला पाहिले होते तसे कॉफी यंत्रही त्यांनी स्कॉटलंडहून मागवले. ज्याची टिपणे तरुणपणी घेतली, ते हाती यायला चार दशकांहून अधिक काळ गेला होता. १९६९ मध्ये सेनदाइजवळ मियागिक्यो येथे दुसरी भट्टी सुरू झाली, ती योइचीहून मुद्दाम वेगळी. तेथे कोळशाऐवजी वाफेचा मंद ताप आणि सौम्य धाटणीचा माल. तोरिई यांनी मागितलेला सौम्यपणा वयाच्या पंचाहत्तरीत त्यांनाही हवासा वाटला, असे म्हणायला जागा आहे.

इवाई यांच्याकडे राहिलेल्या जुन्या वह्याही वाया गेल्या नाहीत. १९६० मध्ये होम्बो या कंपनीने व्हिस्कीची भट्टी उभारली, तेव्हा इवाई यांनी त्यांच्याच आधारे तिची आखणी केली. म्हणजे एका उमेदवाराच्या टिपणांवर तीन कंपन्यांच्या भट्ट्या उभ्या राहिल्या.

२९ ऑगस्ट १९७९ रोजी, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी ताकेत्सुरु यांचे निधन झाले. योइचीच्या भट्टीकडे पाहणाऱ्या टेकडीवर रीटा यांच्या शेजारी त्यांना चिरविश्रांती मिळाली. खालच्या दगडी इमारतींना २०२२ मध्ये जपान सरकारने महत्त्वाच्या सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. तेथे भांड्यांखाली आजही कोळसाच जळतो आणि दर काही मिनिटांनी कामगाराला फावडे घेऊन जाळापुढे उभे राहावे लागते.